शिवेवरची वाट

मध्य रेल्वेच्या गाडीतून दादरकडून ठाण्याकडे जाणाऱ्या प्रवाशाला माटुंग्यानंतर एका स्थानकाची पाटी दिसते: शीव. इंग्रजीत तिचे ‘सायन’ झाले असले तरी मराठी पाटीने मूळ शब्द जपला आहे. मुंबई बेटाची हद्द येथे संपत असे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होत असे. साष्टीवर पोर्तुगीजांचा अंमल असताना, सतराव्या शतकात, इंग्रजांनी येथील टेकडीवर किल्ला बांधला तोही या हद्दीवर नजर ठेवण्यासाठीच. पुढे खाडी बुजत गेली, दोन्ही बाजूंच्या वस्त्या एकमेकींत मिसळल्या आणि शीव पाटीवर तेवढी उरली. त्या हद्दीवरून आज कोणी चालत नाही. चालायचे म्हटले तरी नेमके कोठून, हे सांगणारा माणूस मिळणे कठीण.

याच्या अगदी उलट प्रकार लंडनमध्ये पाहावयास मिळतो. त्या अवाढव्य नगराच्या कडेकडेने, शेते, राने, ओढे आणि उपनगरांच्या मागल्या गल्ल्या यांतून वळणे घेत, सुमारे २४० किलोमीटर लांबीची एक पायवाट जाते. ‘लंडन लूप’ हे तिचे नाव. तिचे २४ टप्पे असून २००१ साली ती पूर्ण झाली. नगराभोवती पायी प्रदक्षिणा घालण्याची ही सोय हौशी फिरस्त्यांसाठी केलेली दिसते, आणि तशी ती आहेही. परंतु तिची वंशावळ शोधीत मागे मागे गेले की आपण दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका महागुरूंपाशी येऊन पोहोचतो. या वाटेचा इतिहास म्हणजे कोणा एका अभियंत्याच्या आराखड्याचा इतिहास नव्हे. गावाच्या शिवेवरून वर्षानुवर्षे चालत राहणाऱ्या सामान्य माणसांचा तो इतिहास आहे. आणि जेथे ती चालावयाची थांबली तेथे त्यांनी काय गमावले, याचाही.

फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या काठी व्हिएन नावाचे शहर आहे. (ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना ती निराळी.) पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात संत मामेर्तुस हे तेथील महागुरू होते. रोमन साम्राज्याची पश्चिमेकडील सत्ता मोडकळीस आली होती. अशा काळात शहरावर संकटांची मालिकाच कोसळली. भूकंपाचे धक्के बसू लागले, वरचेवर आगी लागू लागल्या, रानातली जनावरे भर वस्तीत शिरू लागली. पुनरुत्थानाच्या जागरणरात्रीच शहरातील एका मोठ्या इमारतीने पेट घेतला तेव्हा लोक मंदिर सोडून घरे वाचविण्यासाठी धावले; महागुरू मात्र वेदीपाशी प्रार्थना करीत राहिले. त्याच रात्री त्यांच्या मनात एका व्रताची कल्पना आली. इ. स. ४७०च्या सुमारास त्यांनी स्वर्गारोहणाच्या सणाआधीचे तीन दिवस उपवास, पश्चात्ताप आणि पायी मिरवणूक यांसाठी राखून ठेवले. लॅटिनमध्ये ‘रोगारे’ म्हणजे मागणे, विनविणे; त्यावरून या दिवसांना ‘रोगेशन’ म्हणजे विनवणीचे दिवस असे नाव पडले.

या पहिल्या मिरवणुकीविषयी मामेर्तुस यांच्यानंतर काही वर्षांनी त्याच पीठावर आलेले महागुरू आविटुस यांनी आपल्या प्रवचनात एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. लोक कितपत चालतील याची खात्री नसल्यामुळे पहिल्या दिवशी वेशीबाहेरच्या जवळच्याच एका मंदिरापर्यंत मिरवणूक न्यावी असे ठरले होते. पण जमलेल्या लोकांना ते अंतर फारच थोडे वाटले, म्हणून पुढे ते वाढविण्यात आले. आपल्या माणसांच्या पायांत किती बळ आहे याचा अंदाज पुढाऱ्यांना बहुधा कमीच असतो! थोड्याच वर्षांत क्लेरमाँचे महागुरू सिडोनियुस यांनी गॉथ सैन्याच्या धास्तीत असलेल्या आपल्या शहरात हे व्रत सुरू केले आणि ५११ साली ऑर्लेआँच्या धर्मसभेने ते संपूर्ण गॉल प्रांताला लागू केले.

इंग्लंडमध्ये ही प्रथा रुजली तेव्हा तिला मातीचा वास लागला. तेथे या दिवसांना जुन्या भाषेत ‘चालण्याचे दिवस’ अशा अर्थाचे नाव मिळाले. ७४७ साली क्लोव्हशो येथे भरलेल्या धर्मसभेला या तीन दिवसांत खेळ, घोड्यांच्या शर्यती आणि मेजवान्या करू नयेत असे बजावून सांगावे लागले. यावरून लोक त्या दिवसांत नेमके काय करीत असत ते कळतेच. हळूहळू मिरवणुकीचा मार्ग निश्चित झाला. ती धर्मग्रामाच्या शिवेवरून निघू लागली. पुढे पवित्र क्रूस, मागे घंटा आणि पताका, मग धर्मगुरू, आणि त्यांच्या पाठोपाठ गावातील म्हातारेकोतारे, तरुण, मुले. संतांची लितानी म्हणत सारा गाव आपल्या हद्दीभोवती फिरे. उभ्या पिकाला आशीर्वाद मागितला जाई. वाटेत ठराविक झाडाखाली थांबून शुभवर्तमान वाचले जाई. लंडनच्या उत्तर भागात ‘गॉस्पेल ओक’ म्हणजे शुभवर्तमानाचा ओकवृक्ष नावाची एक वस्ती आहे. तो वृक्ष दोन धर्मग्रामांच्या शिवेवर उभा होता. आज वृक्ष नाही, पण आपल्या शीव स्थानकाप्रमाणेच तेथेही रेल्वेच्या पाटीवर नाव शिल्लक आहे.

नकाशा नव्हता, तेव्हा शिवेची नोंद ठेवावयाची कोठे? ती मुलांच्या स्मरणात ठेवली जाई, आणि त्यासाठी योजलेले उपाय आजच्या पालकांना खचित आवडणार नाहीत. शिवेच्या दगडापाशी आले की एखाद्या पोराला उलटे धरून त्याचे डोके हलकेच दगडावर आपटत, कोणाला ओढ्यात ढकलीत, कोणाला काटेरी झुडपातून ओढीत, कोणाच्या पाठीवर वेताची छडी बसे. मागाहून हातावर नाणे किंवा खाऊ ठेवला जाई. ती जागा मग ते पोर जन्मभर विसरत नसे. साठ वर्षांनी हद्दीचा तंटा न्यायालयात गेला की तोच पोर, आता पांढऱ्या केसांचा म्हातारा, साक्षीला उभा राही आणि अमुक दगडापाशी आपण मार खाल्ला असे शपथेवर सांगे. अशा साक्षी त्या काळच्या न्यायालयांनी ग्राह्य धरल्या आहेत.

हे सारे भाबडे आणि गोड होते असे मात्र कोणी समजू नये. दोन धर्मग्रामांच्या मिरवणुका एकाच वेळी शिवेवर आल्या की कधी कधी हाणामारी होई. शिवाय शीव म्हणजे जबाबदारीचीही हद्द. गोरगरिबांच्या पोषणाचा भार त्या त्या धर्मग्रामावर असे. १६६२च्या कायद्याने परक्या गरिबाला त्याच्या मूळ धर्मग्रामात परत पाठविण्याची मुभा मिळाली, तेव्हा आपल्या हद्दीत मूल जन्मले तर त्याचा खर्च आपल्यावर पडेल या भीतीने दिवस भरत आलेल्या निराधार स्त्रियांना शिवेपलीकडे घालविल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. ज्या रेषेवर उभे राहून शुभवर्तमान वाचले जाई, तीच ही रेषा. हा विरोध मिटविण्याची सोय इतिहासात नाही. तो तसाच नोंदवावा लागतो.

सोळाव्या शतकातील धर्मक्रांतीने मिरवणुकांवर घाला घातला. १५४७ साली राजाज्ञेने धार्मिक मिरवणुका बंद झाल्या. संतांच्या प्रतिमा, पताका, लितानी सारे गेले. पण एक गोष्ट राजसत्तेलाही परवडणारी नव्हती, ती म्हणजे शीव विसरणे. म्हणून १५५९ साली राणी एलिझाबेथच्या आज्ञापत्रात या एकाच फेरीला पुन्हा परवानगी मिळाली. पताका नकोत, पण धर्मोपदेशकाने गावातील प्रमुख माणसांसह शिवेवरून चालावे, ठराविक जागी थांबून स्तोत्र म्हणावे, देवाचे आभार मानावे आणि शेजाऱ्याचा हद्दीचा दगड सरकविणाऱ्याला शास्त्राने दिलेला शाप ऐकवावा, असे ठरले. ज्या गोष्टीत लोकांचे पोट आणि हक्क गुंतलेले असतात ती मोडणे राजालाही कठीण जाते.

सॅलिसबरीजवळच्या बेमर्टन या लहानशा गावी जॉर्ज हर्बर्ट नावाचे कवी १६३० पासून १६३३ साली मरण पावेपर्यंत अँग्लिकन धर्मोपदेशक होते. खेड्यातील धर्मोपदेशकाने कसे वागावे यावर त्यांनी लिहिलेले पुस्तक १६५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. त्यात या फेरीचे चार लाभ त्यांनी सांगितले आहेत. शेतातील पिकांसाठी देवाचा आशीर्वाद मिळतो, हा पहिला. हद्दी राखल्या जाऊन न्याय टिकतो, हा दुसरा. बरोबर चालताना प्रेम वाढते आणि काही भांडण असेल तर ते वाटेतच मिटते, हा तिसरा. आणि त्या दिवशी गोरगरिबांना दानधर्म घडतो, हा चौथा. फेरीला जो येत नाही तो शेजारधर्म पाळत नाही, असे त्यांचे स्पष्ट मत होते. यातील तिसरा लाभ मला विशेष वाटतो. बांधावरून भांडणारे दोन शेजारी त्याच बांधावरून, एकाच ओळीत, पुढे-मागे चालत आहेत असे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. बांधाच्या भांडणांत आमचीही काही घरे पिढ्यान्‌पिढ्या खचली आहेत. त्यांना कोर्टाच्या पायऱ्यांऐवजी अशी एखादी फेरी मिळाली असती तर?

अठराव्या शतकापासून इंग्लंडच्या ग्रामीण जीवनाचा पायाच हलला. गायराने, सामाईक राने व पडीक जमिनी यांना कुंपणे घालून त्या खाजगी करण्याचे सत्र सुरू झाले. १६०४ ते १९१४ या काळात संसदेने अशी पाच हजारांहून अधिक विधेयके मंजूर केली. त्यांनी सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या क्षेत्रफळाचा पाचवा हिस्सा, कुंपणात गेली. १८१५च्या कायद्याने तर दोन न्यायदंडाधिकाऱ्यांना एखादी पायवाट ‘अनावश्यक’ ठरवून बंद करता येऊ लागली. आणि न्यायदंडाधिकारी बहुधा जमीनदारच असत. दुसरीकडे नकाशे तयार होऊ लागले. १८४१च्या कायद्यानंतर सरकारी मोजणी खात्याची माणसे गावोगाव हिंडून हद्दी आखू लागली. प्रत्येक गावातील एकदोन जाणत्या माणसांनी त्यांना शीव फिरून दाखविली आणि ती कागदावर उतरली. त्यानंतर साऱ्या गावाने दरवर्षी चालण्याचे कारण उरले नाही. कागद हा उत्तम साक्षीदार खरा. पण कागदावर हद्द राहिली तरी वाट राहतेच असे नाही.

हे किती खरे आहे ते एपिंगच्या वनाच्या कथेवरून दिसून येते. लंडनच्या ईशान्येस असलेल्या या विस्तीर्ण वनात लाऊटन गावच्या लोकांना हिवाळ्यात जळणासाठी झाडांच्या फांद्या छाटण्याचा पूर्वापार हक्क होता. हा हक्क ११ नोव्हेंबरला, म्हणजे संत मार्टिनच्या सणाला, मध्यरात्री पहिली फांदी छाटून सुरू करावयाचा. एखाद्या वर्षी तो बजावला नाही तर कायमचा बुडेल अशी गावात दृढ समजूत होती. आख्यायिका अशी आहे की, एकदा त्या रात्री जमीनदाराने साऱ्या लाकूडतोड्यांना जेवण आणि मद्य देऊन भुलविण्याचा डाव टाकला. थॉमस विलिंगेल नावाचा म्हातारा मात्र वेळेवर पानावरून उठला, रानात गेला आणि फांदी घेऊनच परतला. ही आख्यायिका असो. पण १८६०च्या दशकात लाऊटनच्या जमीनदाराने वनाच्या हजाराहून अधिक एकरांना कुंपण घातले आणि विलिंगेल कुटुंबाने ते न जुमानता फांद्या छाटल्या, हा इतिहास आहे. १८६६ साली तिघांना कैदेची शिक्षा झाली. आणि सांगावयास संकोच वाटतो, पण हा जमीनदार, जॉन व्हिटेकर मेटलंड, त्याच गावचा अँग्लिकन धर्मोपदेशकही होता. पूर्वी ज्याने क्रूसामागून गावाला शिवेवर न्यावयाचे, त्याच पदावरील माणूस आता कुंपणाच्या आत उभा होता.

याच सुमारास, १८६५ मध्ये, लंडनमधील काही विचारी माणसांनी सामाईक जमिनींच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन केली होती. तिने म्हाताऱ्या विलिंगेलच्या नावे दावा लावला. १८७० मध्ये तो वारला आणि दावा बारगळला. मग लंडनच्या नगरपालिकेने, वनात आपलीही थोडी जमीन आहे या आधारावर, नवा दावा गुदरला. १८७४ साली निकाल लोकांच्या बाजूने लागला. १८७८च्या कायद्याने वन कायमचे मोकळे राहिले आणि १८८२ साली राणी व्हिक्टोरियाने तेथे येऊन ते जनतेला अर्पण केले. लाऊटनकरांना फांद्यांचा हक्क सोडावा लागला. त्याची भरपाई म्हणून बांधलेले सभागृह आजही ‘छाटणीचे सभागृह’ याच अर्थाच्या नावाने त्या गावात उभे आहे.

मराठीत ‘वहिवाट’ हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. रुळलेली वाट आणि वापराने मिळालेला हक्क हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. इंग्लंडच्या कायद्याला त्या अर्थापर्यंत पोहोचावयास १९३२ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या २४ एप्रिलला मँचेस्टर-शेफील्डकडच्या शेकडो तरुण कामगारांनी किंडर स्काउट या खाजगी माळावर जाणूनबुजून प्रवेश केला आणि त्यांतील पाच जण तुरुंगात गेले. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने, लोकांनी सलग वीस वर्षे बिनहरकत वापरलेली वाट सार्वजनिक मानावी, हे तत्त्व मान्य केले. आपल्याकडे १८८२च्या सुविधाधिकार कायद्यातही खाजगी वाटेच्या हक्कासाठी वीसच वर्षांची मुदत आहे, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ अन्वये शेतकऱ्याला शेजाऱ्यांच्या बांधावरून वाट मागता येते. तहसील कचेरीत गेलेल्या अनेक वाचकांना हा कलमाचा आकडा पाठ असेल.

१९४९ साली ब्रिटिश संसदेने साऱ्या सार्वजनिक पायवाटांची नोंद करण्याचा कायदा केला. या पाहणीत त्या त्या भागातील ‘पॅरिश कौन्सिल’चा, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेचा, सहभाग होता. मुळात धर्मग्रामाचे वाचक असलेले हे नाव १८९४ पासून कारभाराच्या सर्वांत लहान घटकालाही लागले आहे. तेव्हा धर्मग्रामाची माणसे पुन्हा आपल्या वाटा पायाखाली घालू लागली, फक्त आता हाती क्रूसाऐवजी पेन्सिल आणि नकाशा होता. नोंदीतून सुटलेल्या जुन्या वाटांसाठी २००० सालच्या कायद्याने १ जानेवारी २०२६ ही अखेरची तारीख ठरविली. पुढे ती २०३१ पर्यंत वाढली, आणि २०२४च्या डिसेंबरात ही मुदतच रद्द करण्याचा मनोदय सरकारने जाहीर केला. दरम्यान कित्येक स्वयंसेवक जुने नकाशे आणि दशमांशाच्या वह्या धुंडाळून हरवलेल्या वाटा शोधण्याच्या कामाला लागले होते.

लंडन लूपची कल्पना १९९०च्या सुमारास पुढे आली ती दोन संघटनांच्या विचारविनिमयातून. एक पदभ्रमण करणाऱ्यांची. दुसरी १८६५ साली स्थापन झालेली, विलिंगेलच्या पाठीशी उभी राहिलेली तीच संस्था, नव्या नावाने. त्यांनी नवी जमीन घेतली नाही. पूर्वी कोणी ना कोणी राखलेल्या पायवाटा, गायराने आणि राने एकमेकांना जोडीत नेली, एवढेच. म्हणून ही वाट चिंगफर्डपाशी एपिंगच्या वनाला स्पर्श करते. दक्षिणेस ती फार्दिंग डाउन्स या गवताळ टेकडीवरून जाते; तेथेही बायरन नावाच्या जमीनदाराशी झालेल्या वादानंतर १८८३ मध्ये नगरपालिकेने ते गायरान विकत घेऊन लोकांसाठी राखले. वाटेत मधूनच पांढरे रंगविलेले बुटके लोखंडी खांब आढळतात. लंडनमध्ये येणाऱ्या कोळशावरील जकातीची हद्द दाखविण्यासाठी १८६१च्या कायद्यानुसार ते रोवले गेले. १६६६च्या आगीनंतर बसविलेल्या कोळशावरील जकातीतून सेंट पॉलचे कॅथेड्रल पुन्हा उभे राहिले होते. ती जकात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच उठली. खांब मात्र शिवेवर उभे आहेत.

विनवणीच्या दिवसांचे काय झाले? १९६९ साली उपासनावर्षाची पुनर्रचना झाली तेव्हा ते केव्हा आणि कसे पाळावेत याचा निर्णय त्या त्या देशाच्या महागुरू परिषदेवर सोपविण्यात आला, आणि पुष्कळ ठिकाणी ते विस्मरणात गेले. इंग्लंडमधील काही अँग्लिकन मंदिरांनी शिवेची फेरी अजून चालू ठेवली आहे. ऑक्सफर्डच्या सेंट मायकल मंदिराची मंडळी स्वर्गारोहणाच्या दिवशी बांबूच्या काठ्या घेऊन निघतात आणि शीव आता दुकानांच्या आतून जात असल्याने थेट दुकानांत शिरून दगडावर काठ्या मारतात. लंडनच्या टॉवरजवळील ऑल हॅलोज मंदिराची दक्षिण हद्द थेम्स नदीच्या पात्रात आहे. तेथे मुलांना नावेत बसवून नेतात आणि ती काठ्यांनी पाण्यालाच झोडपतात.

लंडन लूपची प्रदक्षिणाही थेम्सपाशीच येऊन अडते. ती नदीच्या दक्षिण तीरावर एरिथ येथे सुरू होते आणि साऱ्या नगराला वळसा घालून उत्तर तीरावर पर्फ्लीट येथे संपते. शेवटच्या टप्प्यात रेनहॅमच्या पाणथळीच्या कडेने, कोल्डहार्बरच्या टोकाशी आले की पलीकडे एरिथ स्पष्ट दिसते. मध्ये केवळ नदीचे पात्र. तेथे पूल नाही, आणि खाली डार्टफर्डला १९९१ साली झालेला मोठा पूल आहे त्यावर पायी चालणाऱ्यास मनाई आहे. २४० किलोमीटर चालून आलेला माणूस बंधाऱ्यावर उभा राहून आपण निघालो ती जागा पाहतो, आणि परत जाण्यासाठी आगगाडीचे स्थानक गाठतो.